काचेतलं बेट: हरवलेल्या पालीच्या घराची गोष्ट

आजचा विषय ऐकून निम्मे लोक हेडफोन काढतील याची मला पूर्ण कल्पना आहे. विषय आहे पाल. पण जरा धीर धरा. ट्यूबलाइटमागे बसून किडे मटकावणारी आपली पाल ही नव्हे. ही पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरची, झाडांवर राहणारी, डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर असलेली पाल. नाव क्रेस्टेड गेको. बराच काळ ही जात जगातून संपली असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. आणि आज ती युरोप-अमेरिकेतल्या असंख्य घरांमध्ये काचेच्या पेटीत राहते आणि चमचाभर फळांचा लगदा चाटते.

संपलेला प्राणी दिवाणखान्यात कसा पोचला, ही एक गोष्ट. पण मला जास्त ओढ लागली ती त्या पेटीची. क्रेस्टेड गेको पाळायचा तर घर कसं लावायचं, याची माहिती इंटरनेटवर ढिगाने आहे. पेटी उंच हवी, तापमान अमुक हवं, संध्याकाळी पाणी फवारा, वगैरे वगैरे. हे सगळं नियम म्हणून वाचलं तर कंटाळा येतो. पण या प्रत्येक नियमामागे एक जागा आहे, एक काळ आहे. तो उलगडत गेलो की पेटीत हळूहळू एक बेट दिसायला लागतं. आज तेच करू.

सुरुवात नकाशापासून. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला साधारण १२०० किलोमीटरवर न्यू कॅलेडोनिया नावाचा द्वीपसमूह आहे. मुख्य बेट लांबलचक, सुमारे ४०० किलोमीटर, काकडीसारखं तिरकं पडलेलं. त्याच्या आग्नेय टोकाखाली एक छोटं बेट, आईल ऑफ पाइन्स. इथले मूळ रहिवासी कनक लोक. १७७४ साली कॅप्टन कुक तिथे पोचला आणि स्कॉटलंडच्या जुन्या लॅटिन नावावरून त्याने या बेटांना न्यू कॅलेडोनिया म्हणून टाकलं. तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या लोकांना काय वाटतं, हे विचारायची त्या काळी पद्धत नव्हती. पुढे १८५३ मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली, १८६४ पासून तिथे कैदी पाठवायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडे जसं काळं पाणी, तसं फ्रेंचांचं हे. १८७१ च्या पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडल्यावर हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे ३ हजार जणांना या छोट्या आईल ऑफ पाइन्सवरच ठेवलं होतं. हे बेट लक्षात ठेवा, परत येणार आहे.

बेटांवर सस्तन प्राणी जवळपास नाहीतच. म्हणजे मूळचे नाहीत. वटवाघळं सोडली तर माणसं येण्याआधी तिथे जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. उंदीर नाही, मांजर नाही, माकड नाही. मग रात्री झाडांवर हिंडणं, फळं खाणं, फुलांतला मध चाटणं ही सगळी कामं कोण करणार? इतर जिवांबरोबर पालींनीही ती वाटून घेतली. तिथे पालींच्या इतक्या जाती तयार झाल्या की त्यातली एक तर हातभर लांबीच्या आसपास जाते. अशा जागी आपला क्रेस्टेड गेको घडला. शेपटीसकट जेमतेम वीतभर लांब, मोठा झाल्यावर वजन ३५ ते ५० ग्रॅम. म्हणजे साधारण एका छोट्या अंड्याएवढं.

१८६६ मध्ये पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ आल्फोंस गिशनो यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. नाव दिलं कोरेलोफस सिलियाटस. सिलियाटस म्हणजे पापणीच्या केसांसारखी झालर असलेला. गंमत अशी की या प्राण्याला हलणारी पापणीच नाही! बहुतेक पालींना नसते. डोळ्यावर एक पारदर्शक आवरण असतं आणि ते साफ करायला पाल जीभ बाहेर काढून स्वतःचा डोळा चाटते. तर ज्याला पापणी नाही त्याचं नाव पापणीच्या केसांवरून. पुढे त्याला दुसऱ्या प्रजातीत, ऱ्हॅकोडॅक्टिलसमध्ये टाकलं गेलं आणि २०१२ मध्ये जनुकीय अभ्यासानंतर परत गिशनोंचंच नाव बहाल झालं. जुन्या पाळणाऱ्यांच्या तोंडी अजून ऱ्हॅको हा शब्द आहे, म्हणून सांगितलं.

गिशनोंच्या नंतर संग्रहालयांत थोडेफार नमुने होते, दारूत बुडवलेले, रंग उडालेले. जिवंत प्राणी मात्र कुणाच्या नोंदीत येईना. वर्षं गेली, दशकं गेली. आणि शास्त्रात एक सवय आहे, बराच काळ दिसलं नाही की ते नाही असं धरायचं. मला ही सवय थोडी उद्धट वाटते. रात्री हिंडणारा, दिवसा पानांच्या बेचक्यात झाडाच्या सालीसारखा होऊन बसणारा, फारसा आवाज न करणारा प्राणी. आपल्या घरातली पाल सुद्धा चुकचुकली नाही तर कपाटामागे आहे हे आपल्याला कळत नाही. आणि शोधणार कोण, तर बाहेरून थोड्या दिवसांसाठी आलेली माणसं.

मग १९९४. जर्मन सरीसृपतज्ज्ञ रॉबर्ट झाइप यांची मोहीम आईल ऑफ पाइन्सवर होती. एक उष्णकटिबंधीय वादळ होऊन गेलं होतं. आणि त्या वादळानंतर हा प्राणी जिवंत सापडला. तेच बेट, कम्यूनवाल्यांच्या हद्दपारीचं. नंतर मुख्य बेटाच्या दक्षिण भागातही तो असल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे गेको कुठेही गेलेला नव्हता. त्याच्याकडे बघणारी नजर तिथे पोचली, एवढंच.

पुढच्या काही वर्षांत थोडे प्राणी अभ्यासासाठी आणि प्रजननासाठी बाहेर नेले गेले. त्यानंतर न्यू कॅलेडोनियाने निर्यातीचे परवाने देणं बंद केलं. दार लागलं. म्हणजे आज फ्रँकफर्टपासून लॉस एंजेलिसपर्यंत जेवढे म्हणून क्रेस्टेड गेको दुकानांत आणि घरांत आहेत, ते त्या मोजक्या प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पिल्लावळ आहे.

इतकी पिल्लावळ झाली कशी? दोन कारणं. एक, मादी एका वेळी दोन अंडी घालते, पण मोसमात दर चार-सहा आठवड्यांनी घालत राहते. एकदा मीलन झालं की शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. अंडी उबवायला खास यंत्र लागत नाही, साध्या खोलीच्या तापमानाला दोन-तीन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. न्यू कॅलेडोनियाची हवा. राजधानी नौमियाचं सरासरी तापमान उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारीत, २६ अंशांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये २० च्या आसपास. आता युरोपातल्या घरातलं तापमान आठवा. २०, २२, २४. जुळलं की नाही! वाळवंटातल्या सरड्याला दिवसभर तापलेला दिवा लागतो, याला लागत नाही. त्यांच्या भाषेत हा ‘सोपा’ प्राणी ठरला, कारण त्याचं बेट योगायोगाने त्यांच्या दिवाणखान्याएवढंच गार आहे. ‘सोपा’ हा शब्द असा नेहमी कुणाच्या तरी पत्त्यावर अवलंबून असतो. याचा हिशोब पुढे महाराष्ट्रात आल्यावर करू.

आता पेटी. काचेत हिरवं जग बंद करायची कल्पना आली कुठून? त्यासाठी लंडनला जाऊ, १८२९ साली. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड नावाचा एक डॉक्टर लंडनच्या पूर्व भागात राहायचा. तो भाग म्हणजे गोदी, कारखाने आणि कोळशाचा धूर. वॉर्डला नेच्यांची, म्हणजे फर्नची हौस, पण त्या धुरात काही जगेना. त्याने एका पतंगाचा कोष ओली माती घातलेल्या बाटलीत ठेवला, झाकण लावलं. पतंग बाहेर यायची वाट बघत असताना त्याला दिसलं की मातीत नेचा आणि गवत उगवलंय. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर जमतं, थेंब होऊन परत मातीत उतरतं. बाहेरचा धूर आत येत नाही. ती रोपं त्या बाटलीत जवळपास चार वर्षं जगली.

त्याने मग मोठ्या काचपेट्या करून घेतल्या. १८३३ मध्ये दोन पेट्या जहाजावर ठेवून लंडनहून सिडनीला पाठवल्या, सहा महिन्यांचा प्रवास, झाडं जिवंत पोचली. परतीला ऑस्ट्रेलियन रोपं भरली, तीही टिकली. या पेटीने जगाचा व्यापार फिरवला. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली ती अशाच पेट्यांतून. म्हणजे आत्ता तुमच्या हातात चहा असेल तर त्यात वॉर्डच्या बाटलीचा थोडा वाटा आहे. १८४९ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं स्वतंत्र दालन उघडलं. झाडांसाठी काच होतीच, आता काचेमागे प्राणीही आले. दिवाणखान्यातलं टेरॅरियम याच घराण्यातलं.

ही वंशावळ सांगायचं कारण म्हणजे मी एक असं घर लागताना प्रत्यक्ष पाहिलंय. माझी ताई जर्मनीत राहते. मागच्या वर्षी मी तिच्याकडे गेलो तेव्हा माझा बारा वर्षांचा भाचा क्रेस्टेड गेकोसाठी पेटी लावत होता. गेको अजून यायचा होता. तिथल्या पैदास करणाऱ्या माणसाने अट घातली होती, आधी पेटी महिनाभर चालवून दाखव, तापमान आणि आर्द्रता वहीत लिहून आण, मग पिल्लू मिळेल. मला ही अट फार आवडली. माझी आई व्हिडिओ कॉलवर सांगलीहून सगळं बघत होती. ती म्हणाली, “पैसे देऊन पाल आणणार? आमच्याकडून दोन फुकट घेऊन जा की!” भाचा गंभीरपणे म्हणाला, “आजी, तुझ्या पालीला घर लागत नाही. हिला लागतं.” हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

तर पेटी. ४५ सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ६० उंच. एका मोठ्या गेकोला एवढी तरी हवीच, जास्त असेल तर उत्तम. उंची लांबीपेक्षा जास्त का? कारण हा जमिनीवरचा प्राणी नाही, झुडपांच्या आणि झाडांच्या फांद्यांमधला आहे. पेटीचं दार समोरून उघडतं. वरून हात आला की झाडावरच्या प्राण्याला तो शिकारी पक्षी वाटतो. झाकणाला जाळी आणि समोर खाली हवा आत यायला फट, म्हणजे हवा खालून वर फिरते. वॉर्डची बाटली बंद होती, झाडाला ती चालली. प्राण्याला कोंदट ओल चालत नाही, बुरशी येते, श्वासाचे आजार होतात. तेव्हा वॉर्डची कल्पना घ्यायची, पण झाकण उघडं ठेवायचं.

तळाशी दगडगोट्यांचा थर, वरचं पाणी निथळून तिथे उतरायला. त्यावर माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा. भाच्याने ती दाबून केलेली वीट बादलीत टाकली, पाणी ओतलं, आणि ती फुगत फुगत बादलीभर झाली. मी पाकीट उलटून पाहिलं. कोकणात नारळ सोलल्यावर जी सोडणं चुलीत जातात, तिचीच ही परदेशी गेलेली बहीण. वरून वाळका पाचोळा, आणि त्यात पाठीला खवल्यांसारख्या कड्या असलेले बारके किडे सोडले, जे विष्ठा आणि कुजकं खाऊन टाकतात. वाळू मात्र अजिबात नाही. पिल्लू अगदी लहान असेल तर एवढाही थाट नको, तळाला नुसता स्वयंपाकघरातला कागद पुरतो. खातंय की नाही, विष्ठा करतंय की नाही हे त्यावर नीट दिसतं.

मग फांद्या. उभ्या, आडव्या, तिरक्या, अंगठ्याएवढ्या जाड. कॉर्क ओकच्या सालीची एक पोकळ नळी, दिवसा झोपायला. क्रेस्टेड गेकोच्या बोटांना काचेवर चढणाऱ्या गाद्या असतात हे ठीक, पण त्याच्या शेपटीच्या टोकालाही तशीच चिकटणारी गादी असते. शेपूट म्हणजे पाचवा हात. म्हणून पेटीत जागोजागी शेपूट गुंडाळता येईल असं काही हवं. फांद्या कमी असल्या की तो काचेलाच डोकं खाली करून चिकटून राहतो, आणि त्याने शेपूट आणि कंबर वाकडी होते असं अनेक पाळणाऱ्यांचं निरीक्षण आहे.

आणि ही शेपूट जपायची, कारण एकदाच मिळते. आपल्या पालीची तुटली की परत येते, हे लहानपणी आपण सगळ्यांनी बघितलंय. क्रेस्टेड गेकोची परत येत नाही. घाबरला, कुणी धरायला गेलं, दारात चिमटली, की शेपूट टाकतो आणि पुढे जन्मभर बेडकासारख्या ढुंगणाने फिरतो. रानात बहुतेक मोठे गेको असेच बिनशेपटीचे असतात. म्हणजे तिथे हे अगदी नेहमीचं आहे, पाळणाऱ्याने फार मनाला लावून घेऊ नये. फक्त कारण आपण होऊ नये.

झाडांमध्ये भाच्याने लावला मनी प्लांट. मला हसू आलं. आपल्याकडे जुन्या बाटलीत पाणी घालून खिडकीत ठेवतात तोच. पण याचं मूळ गाव कोणतं माहितीय? मोरेआ, ताहितीशेजारचं बेट. म्हणजे पॅसिफिकचंच झाड! जगभरच्या खिडक्या फिरून ते पॅसिफिकच्या पालीच्या घरात आलं होतं. न्यू कॅलेडोनियाच्या रानातलं नाही, शेजारच्या आळीतलं म्हणा. पण मोठी पानं, मजबूत वेल, पानाच्या टोकाला थेंब. गेकोला वाटीतल्या पाण्यापेक्षा तो थेंब चाटायला आवडतो.

म्हणून फवारणी. संध्याकाळी दिवे मालवायच्या सुमाराला पेटीत पाणी फवारायचं, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास जाते. मग रात्रभर आणि सकाळी ती उतरत उतरत ५०-६० वर येऊ द्यायची. दिवसरात्र ओलं ठेवायचं नाही. रात्री ओल आणि दिवसा कोरडं, हे त्या बेटांवरच्या रानाचं चक्र आहे, आपण फवाऱ्याच्या बाटलीने ते फिरवतो. आर्द्रता कमी पडली की कात नीट निघत नाही, बोटांभोवती तिचे तुकडे दोऱ्यासारखे आवळतात आणि बोट गळूनही पडू शकतं.

दिवा मंद. निशाचर प्राण्याला अतिनील किरणांची गरज नाही असं पूर्वी मानत, आता सौम्य प्रमाणात असावेत असा कल आहे, कारण सालीआडून एखादा पाय उन्हात काढून बसलेला गेको दिवसाही थोडं घेतच असतो. तापमान २२ ते २६. रात्री दोन-चार अंश उतरलं तर चांगलंच. २८ च्या वर गेलं की काळजी, ३० च्या वर बराच वेळ राहिलं तर जीव जाऊ शकतो.

जेवणाची गोष्ट वेगळीच. सुरुवातीच्या पाळणाऱ्यांनी लहान मुलांचं डबाबंद फळांचं जेवण देऊन पाहिलं, जोडीला छोटे रातकिडे. प्राणी जगायचे, पण कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ व्हायची. मादी तर अंड्यांच्या कवचासाठी शरीरातलं होतं नव्हतं ते काढून द्यायची. मग अमेरिकेत अ‍ॅलन रेपाशी यांनी फळं, प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं एकत्र असलेली भुकटी तयार केली. पाणी घालायचं, कालवायचं, झालं. २००३ मध्ये फिलिप द व्होझोली, फ्रँक फास्ट आणि रेपाशी यांनी या पालींवर पुस्तक काढलं, आणि घरगुती पाळणाऱ्यांना एक पाया मिळाला. माझ्या मते क्रेस्टेड गेको घराघरांत गेला तो या भुकटीमुळे. किडे सांभाळायचे नाहीत म्हटल्यावर घरातली मोठी माणसंही हो म्हणतात. खाण्याची वाटी पेटीत उंचावर अडकवायची, तळाशी नाही. तो जेवायला खाली उतरत नाही.

एका पेटीत दोन नर कधीच ठेवायचे नाहीत, एकमेकांना फाडतात. आणि नवा गेको आला की दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. माझ्या भाच्याला हे सगळ्यात जड गेलं.

आता आपल्याकडे या. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ४० पर्यंत जातो, विदर्भाचं तर बोलायलाच नको. म्हणजे या प्राण्यासाठी तीन-चार महिने दिवसरात्र एसी, आणि दुपारी वीज गेली की पेटीचं भट्टीघर. जर्मनीतला सोपा प्राणी चंद्रपुरात भयंकर अवघड आहे. शिवाय विदेशी जिवंत प्राणी परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत, तेव्हा कुणी इन्स्टाग्रामवर ‘उद्या डिलिव्हरी’ म्हणून दाखवत असेल तर कागद मागा. कागद नसतील तर तिथेच थांबा. आणि आपल्या रानातली घोरपड वगैरे घरात ठेवायचा विचारही नको, तिला कायद्याने सर्वोच्च संरक्षण आहे. हा गेको पंधरा-वीस वर्षं जगतो. आज दहावीत असणाऱ्याचं लग्न होईपर्यंत.

आता भाच्याच्या त्या वाक्याकडे येतो, आजीच्या पालीला घर लागत नाही. हे फार खरं निघालं. आपल्या भिंतींवर दिसणाऱ्या पालींपैकी एक जात आहे, हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस. दक्षिण आणि आग्नेय आशियातली. ती जहाजांतून, मालाच्या खोक्यांतून, कुणी न बोलावता जगभर गेली. मॉरिशसला आपली मराठी माणसंही जहाजानेच गेली, तशीच ही. तिथल्या बेटांवर तिने मूळच्या पालींना हुसकावल्याचं अभ्यासकांनी दाखवलंय. आणि ही आपली पाल न्यू कॅलेडोनियातही पोचली आहे. नौमियात दिव्याखाली तीच चुकचुकते. ज्या बेटाची नक्कल करायला जर्मनीत एक मुलगा महिनाभर थेंब मोजतो, त्या बेटावर सांगलीची पाल बिनभाड्याने राहते!

पण क्रेस्टेड गेकोचं खरं दुखणं ती नाही. दुखणं आहे एक मुंगी. दोन मिलिमीटरच्या आतली, पिवळसर तांबडी, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची न्यू कॅलेडोनियात नोंद झाली. तिथल्या वारुळांमध्ये आपसात भांडणं नाहीत, त्यामुळे सगळं रान मिळून जणू एकच वारूळ होतं. ती झाडांवर चढते, डंख मारते, पालींचे किडे खाऊन टाकते. जिथे ही मुंगी शिरली तिथे पालींची संख्या आणि जाती दोन्ही घटल्याचं संशोधकांना दिसलंय. त्यात उंदीर, मांजरं, जावाहून आणून सोडलेली हरणं जी कोवळं रान चरून टाकतात, आणि निकेलच्या खाणी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या गेकोला ‘असुरक्षित’ या गटात ठेवलंय.

इथे लोक हमखास म्हणतात, घाबरायचं काय, पेट्यांमध्ये इतके आहेत, सोडून देऊ परत! तसं होत नाही. पेट्यांमधले गेको पिढ्यान्‌पिढ्या रंगासाठी निवडलेले आहेत. कुणी ठिपक्यांचा, कुणी पांढऱ्या पट्ट्यांचा, कुणी गडद लाल. बेटाच्या कोणत्या भागातला आजोबा आणि कोणत्या भागातली आजी, याची बहुतेकांची नोंदच नाही. बंदिस्त जागेत हजार इतर प्राण्यांच्या संपर्कात आलेले जंतू त्यांच्यासोबत जातील. आणि सगळ्यात साधी गोष्ट, ती मुंगी अजून तिथेच आहे. हे माहीत असूनही भाच्याने पेटी नीट लावावी असं मला वाटतं. त्या एका गेकोला दुसरीकडे कुठे जायला जागा नाही.

पिल्लू डिसेंबरात आलं. ताईने फोटो पाठवला, तो धूसर होता, कारण भाच्याने फ्लॅश लावू दिला नाही. पहिले तीन दिवस ते सालीच्या नळीतून बाहेरच आलं नाही. चौथ्या सकाळी वाटीत भुकटीच्या लगद्यावर जिभेच्या बारीक खुणा होत्या आणि मनी प्लांटच्या एका पानावर विष्ठेचा ठिपका. भाच्याने वहीत लिहिलं, तापमान २३, आर्द्रता ७८, जेवलं. आईला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “शेपूट आहे ना अजून?”

आहे. पुढच्या भागात चहाच्या त्या पेट्यांबद्दल सविस्तर बोलू.